तिकीट लावलेला लिफाफा

"नाव नाही याच्यावर," खंडारे म्हणाला आणि माझा अर्ज त्याने टेबलावरून माझ्याकडे सरकवला.

"कुणाचं नाव? माझं? पहिल्याच ओळीत आहे की."

"तुमचं नाही हो, गावंडेबाई. सत्यप्रतीवर ज्या साहेबांनी सही केली त्यांचं. सही आहे, गोल शिक्का आहे, पण नावाचा शिक्का नाही. आता ही सही कोणाची हे कसं समजावं?"

"आमच्या साहेबांची आहे. आठवड्यातून दोनदा त्यांची पत्रं तुमच्याच टेबलावर येतात."

"मी ओळखतो हो सही. पण मी ओळखून काय होते? कागदावर पाहिजे ना."

१९९७ सालच्या तीस जूनची ही गोष्ट. सकाळचे सव्वाअकरा झाले होते आणि मी आमच्या जिल्हा कार्यालयात खंडारे बाबूच्या टेबलासमोर उभी होते. खात्याचं नाव सांगत नाही. कुठलंही धरा, टेबलं सगळीकडे सारखीच असतात. तालुक्याच्या कार्यालयात मी चौदा वर्षं आवक-जावकच्या टेबलावर होते. आलेल्या कागदाला नंबर घालायचा, गेलेल्या कागदाला नंबर घालायचा. ज्या पोरांना मी फाईलला टॅग कसा लावायचा ते शिकवलं, ती पोरं पुढे जाऊन माझ्याच रजेच्या अर्जावर सह्या करायला लागली होती. त्या वर्षी खात्याने कार्यालय अधीक्षकांच्या जागांसाठी आतल्या कर्मचाऱ्यांची परीक्षा काढली. अट अशी की तीस जूनला चाळिशी पूर्ण झालेली नसावी आणि त्याच दिवसापर्यंत अर्ज जिल्ह्यात दाखल झालेला असावा.

माझी जन्मतारीख एक जुलै सत्तावन्न. खरी तारीख माझ्या आईलाही ठाऊक नव्हती. आमच्या वऱ्हाडात शाळेत नाव घालताना मास्तर विचारायचे, पोर कधीची? आई सांगायची, तूर सोंगायच्या वेळची. मास्तर एक जुलै लिहून मोकळे व्हायचे. अर्ध्या वर्गाचा वाढदिवस एकाच दिवशी यायचा. त्या मास्तरांच्या कृपेने मी दुसऱ्या दिवशी चाळिशीची होणार होते. आज अर्ज घेतला गेला नाही, तर उरलेली अठरा वर्षं मी त्याच टेबलावर नंबर घालत बसणार होते.

खंडारेने कप्प्यातून छापील चिठ्ठ्यांचं पॅड काढलं. 'खालील त्रुटीची पूर्तता करून अर्ज फेरसादर करावा.' खाली लिहायला एकच ओळ. त्या ओळीत त्याने सावकाश, सुवाच्य अक्षरात माझी त्रुटी लिहिली, चिठ्ठी माझ्या अर्जाला टाचली आणि पुढचा कागद ओढला.

ती चिठ्ठी माझी होती. म्हणजे मीच काढलेली. मी नोकरीला लागले तेव्हा आमचे बडे बाबू, तायडे, यांनी मला पहिल्या आठवड्यातच सांगितलं होतं, "बाई, एका खेपेला एकच त्रुटी. सगळ्या एकदम सांगितल्या तर माणूस दुसऱ्या दिवशी सगळं घेऊन हजर होते. मग काम करावं लागते." मी हुशार विद्यार्थिनी. दर वेळी हाताने लिहिण्यापेक्षा मी चिठ्ठीचा नमुना केला, त्यात मुद्दाम एकच ओळ ठेवली आणि सायक्लोस्टाइलवर दोनशे प्रती काढल्या. तपासणीला आलेल्या जिल्ह्याच्या साहेबांना ती इतकी आवडली की त्यांनी ती जिल्हाभर लावली. चौदा वर्षांत मला मिळालेली ती एकुलती एक शाबासकी.

त्याच चिठ्ठीने माझा अर्ज जूनमध्ये दोनदा परत आला होता. एकदा फोटोवर सही नाही म्हणून, एकदा चौकशी चालू नसल्याचा दाखला नाही म्हणून. म्हणून तिसऱ्या वेळी किरकोळ रजा टाकून मी तो स्वतः हातात घेऊन आले होते.

"खंडारे, अजून काही कमी असेल तर आत्ताच सांगा," मी म्हटलं. "सगळं एकदम आणते."

"आधी हे तर आणा," तो मान वर न करता म्हणाला.

हे वाक्यही माझंच होतं. रोज चार-पाच माणसांना मी ते ऐकवत होते. पण तेव्हा ते माझ्या डोक्यातही आलं नाही. मला फक्त खंडारेचा राग आला, असा की त्याची शाईची दौत उचलून त्याच्याच रजिस्टरवर उपडी करावी.

मी तणतणत व्हरांड्यात आले, तर समोर बाकावर शेवंताबाई वानखडे.

शेवंताबाईचा नवरा किसन आमच्याकडे गोदामावर चौकीदार होता. दोन वर्षांपूर्वी तो कामावर असतानाच वारला. त्याच्या जागी शिपाई म्हणून घ्यावं असा तिचा अनुकंपेचा अर्ज होता. बाई चौथी पास, पदरात दोन मुली. तिचा अर्ज माझ्या टेबलावरून जिल्ह्याला जायचा होता आणि मी तो चारदा परत केला होता. रीतीप्रमाणे, एकेका त्रुटीसाठी. पाचव्यांदा तिने आणला तेव्हा वारस दाखल्यावर तहसीलचा गोल शिक्का पुसट होता. दाखला मी तिला नवा आणायला सांगितला आणि अर्ज माझ्या कप्प्यात ठेवला. त्या दिवशी ती एवढंच म्हणाली होती, "मंग मोठ्या सायबाले भेटू का, बाई?" मी म्हटलं होतं, "खुशाल भेटा."

आता तिला बाकावर पाहून मला एकच वाटलं: ही माझी तक्रार घेऊन आली. आणि दिवस कुठला निवडला, तर नेमका माझा.

ती उठली. "बाई, जरासक—"

"आत्ता नाही, शेवंताबाई. उद्या ऑफिसात या."

"उद्या..."

"हो, उद्या. आज माझी रजा आहे," असं म्हणून मी तरातरा पायऱ्या उतरले. मागे वळून पाहिलं नाही.

नावाचा शिक्का असलेला राजपत्रित अधिकारी शोधायला मी निघाले. एक साहेब दौऱ्यावर, दुसरे मीटिंगमध्ये. शेवटी कुणीतरी जनावरांच्या दवाखान्यात पाठवलं. डॉक्टर एका म्हशीच्या मागे खांद्यापर्यंत हात घालून उभे होते. "मॅडम, हिचं आटोपलं की तुमचंच," ते म्हणाले. म्हशीचं आटपायला पाऊण तास लागला. मग त्यांनी हात धुतले, माझ्या सत्यप्रतींवर सह्या केल्या आणि नावाचे शिक्के एवढ्या जोरात मारले की एक प्रत फाटता फाटता राहिली. त्या दिवसातला तो एकटाच माणूस, ज्याने मला दुसऱ्यांदा या म्हटलं नाही.

एक वाजता परतले तर खंडारे जेवायला गेलेला. तो अडीचला आला, सुपारी चघळत. कागद पाहिले, मान डोलावली. मला वाटलं, सुटले.

"दुसरी प्रत?"

"कसली दुसरी प्रत?"

"अर्ज दोन प्रतीत लागते ना, बाई. एक इथं राहते, एक वर जाते."

"हे सकाळी नाही सांगता आलं तुम्हाला?"

"सकाळी वेगळी त्रुटी होती," खंडारे म्हणाला. त्याच्या आवाजात कुचेष्टा नव्हती, हेच जास्त चिडवणारं होतं. त्याने पॅडवरची दुसरी चिठ्ठी फाडली.

झेरॉक्सवाल्याकडे वीज नव्हती. "येईल घंटाभरात," तो म्हणाला. एवढा वेळ कुणाकडे होता? मी कोरे कागद घेतले आणि व्हरांड्यातल्या त्याच बाकावर, शेवंताबाईपासून होईल तितकं लांब बसून चार पानांचा अर्ज हाताने उतरवायला घेतला. मांडीवर कागद धड राहत नव्हता. थोड्या वेळाने माझ्या बाजूला एक पुठ्ठा सरकत आला. शेवंताबाईने पिशवीतून काढून दिला होता. मी तो घेतला, पण तिच्याकडे पाहिलं नाही. मनात म्हटलं, आता गोड बोलून काय उपयोग? तक्रार तर केलीच असेल.

चार वाजून दहा मिनिटांनी लिहून झालं. बोटं आखडली होती, सकाळपासून पोटात अन्नाचा कण नव्हता. डबा पिशवीत तसाच होता.

खंडारेने दोन्ही प्रती समोरासमोर ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहिली. मग म्हणाला, "आणि लिफाफा?"

"कसला लिफाफा?" मी विचारलं.

"परीक्षेचं पत्र पाठवायला. स्वतःचा पत्ता लिहून, तिकीट लावून. जाहिरातीत आहे, बघा, तळाला."

"पोस्ट बंद झालं असेल हो आता," मी म्हटलं. "खंडारे, चौदा वर्षं झाली मला. उद्या माझं वय जाईल. एका लिफाफ्यासाठी तुम्ही—"

"मी काय करू, बाई? पावणेसहापर्यंत बसलो आहे मी. आणा."

मी बाहेर आले आणि भिंतीला टेकून रडले. लाज सोडून, तोंडाला पदर लावून. शिपाई बघत होते. बघू देत.

"काय कमी हाय, बाई?" शेवंताबाई जवळ येऊन उभी होती.

"लिफाफा," मी म्हटलं. "तिकिटाचा लिफाफा हवाय."

तिने बाकावरची पिशवी उघडली. मी आत पाहिलं आणि रडायची थांबले. आत अख्खं स्टेशनरीचं दुकान होतं. टॅगचं बंडल, टाचण्यांची डबी, कोरे कागद, कोर्ट फी स्टॅम्प, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले दोन फोटो, शिक्क्याची शाई आणि एक लांब लिफाफा, त्याला तिकीट लावलेलं.

"एवढं सगळं घेऊन फिरता?"

"तुमीच तं शिकवलं, बाई," ती साधेपणाने म्हणाली. "पयल्यांदा टॅग नव्हता. मंग फोटो. मंग स्टँप. एकेक करून समदं जमवलं म्या."

मी लिफाफा उचलला. बोलायला वेळही नव्हता. लिफाफ्यावर गावातल्या मास्तरांकडून लिहून घेतलेला तिचा पत्ता होता: श्रीमती शेवंता किसन वानखडे, मुक्काम पोस्ट बोरखेडी. तो खोडून माझा लिहावा म्हटलं, तर खंडारे म्हणाला, "लिफाफ्यावर खाडाखोड चालत नाही." मग त्या पत्त्यावर कागदाची पट्टी चिकटवायचं ठरलं. खंडारेची डिंकाची बाटली तळापर्यंत वाळलेली होती. शेवटी मी माझा डबा उघडला, त्यातली भाताची शितं बोटाने चिरडली आणि त्यांनी पट्टी चिकटवली. वर माझं नाव लिहिलं. शेवंताबाईने तळहाताने दाबून दाबून ती वाळवली.

पाच वाजून वीस मिनिटांनी खंडारेने माझ्या अर्जावर आवकचा शिक्का मारला. चौदा वर्षांत मी हजारो शिक्के मारले होते, पण त्या आवाजाने माझ्या अंगावर काटा आला. पोच घडी करून मी पर्समध्ये ठेवली. पर्समध्ये माझ्या कप्प्याची चावी होती, तिच्या खाली.

आता मला दिलदार व्हायला हरकत नव्हती. बाहेर येऊन म्हटलं, "चला शेवंताबाई, चहा घेऊ. आणि काय ते सांगून टाका. माझी तक्रार केली ना साहेबांकडे?"

"तकरार?" ती गोंधळली. "तकरार कायची, बाई? म्या तं तुमालेच भेटाले आलती. सकाळी हापिसात गेली, तं शिपाई म्हने बाई जिल्ह्याले गेल्या. म्हनून मांगच्याच गाडीनं आली." तिने पिशवीच्या तळातून एक कागद काढला. वारस दाखला, नवा, गोल शिक्का ठसठशीत. "हा आन्ला. आता अर्ज पुरा झाला ना? इथंच देऊन टाकू म्हटलं तुमच्या हातानं. आज शेवटचा दिस हाय."

"कसला शेवटचा दिवस?"

"मले उद्या चाळीस भरतात ना, बाई. तहसीलातल्या बाबूनं सांगतलं, चाळिशीनंतर घेत नाही म्हने."

एक जुलै सत्तावन्न. तिच्याही गावात मास्तर होतेच की. पाच वेळा तो अर्ज माझ्या हातून गेला होता, पण जन्मतारखेच्या रकान्यात त्रुटी नव्हती, म्हणून तो रकाना मी कधी वाचलाच नव्हता.

मी तिचा हात धरून आत धावले. "खंडारे, हा अनुकंपेचा अर्ज आजच्या तारखेत घ्या."

"द्या. अर्ज कुठं आहे?"

"अर्ज तालुक्याला आहे. माझ्या कप्प्यात. दाखला हा इथे आहे."

"बाई, दाखल्याला नंबर घालू का? अर्ज पाहिजे ना."

"मग आमच्या ऑफिसला फोन लावा. कप्पा फोडून काढा म्हणावं."

त्याने खरंच फोन लावला. तेवढं माप त्याच्या पदरात टाकलं पाहिजे. घंटी वाजत राहिली. साडेपाचला आमच्या ऑफिसात कोण असणार? आणि असतं तरी? गाडीला दोन तास लागत होते. कप्प्याची चावी माझ्या पर्समध्ये होती, कारण माझ्यामागे कुणी फाईल हलवू नये म्हणून ती मी नेहमी बरोबर नेत असे.

साडेअकराला मी तिला नुसतं विचारलं असतं, काय काम आहे, तर बाराच्या गाडीने जाऊन संध्याकाळच्या आत अर्ज आणता आला असता. साडेअकराला ती माझ्यासमोर उभी होती. आणि मी तिला म्हटलं होतं, उद्या या.

"तुम्ही बोलला का नाहीत?" मी तिच्यावरच ओरडले. "दिवसभर शेजारी बसला होतात! गप्प कशा बसलात?"

"तुमी म्हटलं ना, आत्ता नाही. आन तुमचंही शेवटचंच व्हतं म्हने. शिपायानं सांगतलं. तुमचं झालं का मंग इचारू, असं म्हटलं म्या."

परतीच्या गाडीत ती माझ्याच शेजारी बसली. मी तिला सांगत राहिले की उद्या पहिलं काम तुमचं, मी स्वतः पत्र लिहीन, साहेबांना भेटेन. ती हो हो करत होती. उतरताना म्हणाली, "जाऊ द्या, बाई. एकीचं तं झालं."

दुसऱ्या दिवशी मी जावक रजिस्टरमध्ये तीस जूनच्या शेवटच्या ओळीखाली तिचा अर्ज घुसवायला निघाले. बडे बाबूंनी माझा हात धरला. "जावक मागच्या तारखेची घालशील गं, पण तिकडली आवक कशी मागची घालशील?" मग तो मी खऱ्या तारखेनेच पाठवला, सोबत दोन पानी विनंती जोडून. दहा दिवसांत तो परत आला. वर माझीच छापील चिठ्ठी आणि तिच्यात खंडारेच्या सुवाच्य अक्षरात एकच शब्द: वयाधिक्य.

चिठ्ठीतली एक ओळ त्याला पुरून उरली होती.

साहेबांनी शेवंताबाईला नकार कळवायचं पत्र काढलं. त्याला नंबर घालून पोस्टात टाकणं एवढंच माझं काम होतं. मी ते पत्र कप्प्यात ठेवलं. उद्या पाठवू म्हटलं. मग पुन्हा उद्या. एकीकडे मी परीक्षेच्या पत्राची वाट पाहत होते. बाकीच्यांना पत्रं आली होती, माझंच येत नव्हतं. खंडारेच्या नावाने मी रोज बोटं मोडत होते.

परीक्षेच्या आदल्या दिवशी साडेदहाला शेवंताबाई माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. हातात तोच लांब लिफाफा. जुलैचा ओलावा लागून भाताने चिकटवलेली पट्टी कधीच गळून पडली होती आणि तिचं नाव, बोरखेडीचा पत्ता, वर स्वच्छ दिसत होता.

"तुमचं पत्र, बाई. माह्याकडं आलं," ती म्हणाली. "उद्याच परीक्षा हाय ना तुमची? म्हनून पयल्याच गाडीनं आन्लं."

मी लिफाफा घेतला. तो अगदी सरळ, जपून फोडलेला होता.

"फोडला म्या, राग नका मानू," ती म्हणाली. "काल पोस्टमननं देल्ला. वरतं माहंच नाव, सरकारी शिक्का. मले वाटलं माहं झालं. देवाजवळ ठेवला, साखर ठेवली, पोरींच्या हातावर देली आन मंग उघडला. आत तुमचं नाव व्हतं."

मग पिशवी दोन्ही हातांनी धरून तिने विचारलं, "माह्यं काही आलं का, बाई?"

मी पर्समधून चावी काढली आणि कप्पा उघडला. तिचं पत्र आठ दिवसांपासून तिथेच होतं.